यादीत नंबर कितवा?

२०१२ च्या मे महिन्यात एअर इंडियाचे वैमानिक एकामागून एक 'आजारी' पडू लागले. संप ५८ दिवस चालला, शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले, परदेशी उड्डाणांची पार दैना झाली. बाहेरच्यांना वाटलं, पगारवाढीसाठी चाललंय. पगाराच्या तक्रारी होत्याच, पण ठिणगी पडली ती नव्या ड्रीमलायनरचं प्रशिक्षण आधी कुणाला द्यायचं यावरून. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, विमानांचे रंग जुळले. वैमानिकांच्या ज्येष्ठतेच्या याद्या मात्र दोनच राहिल्या. त्यांची सांगड घालायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. समितीचा अहवाल आल्यावरही भांडण मिटलं नाही.

मला त्या भांडणाचं आश्चर्य वाटलं नाही. आयुष्य कॉकपिटमध्ये गेलं. माझ्याबरोबर उडणाऱ्या एका को-पायलटच्या बॅगेत ज्येष्ठता यादीची घडी घातलेली प्रत असायची. घड्यांवर कागद फाटलेला, त्यावर चिकटपट्टी. वरचा कुणी निवृत्त झाला की तो पेन्सिलने नावावर रेघ मारायचा आणि समासात स्वतःचा नवा नंबर लिहायचा. खांद्यावरची चौथी पट्टी, कॅप्टनची डावी सीट, मोठं विमान, हवा तो बेस, या सगळ्याचा रस्ता त्या नंबरावरून जातो. आणि तो नंबर दुसऱ्या कंपनीत सोबत नेता येत नाही.

निवृत्तीनंतर मी वडूजला बराच काळ असतो. आमच्या खटाव तालुक्यातून पूर्वी पोरं फौजेत जायची, गिरणीत जायची, नाहीतर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यावर परमुलखात. आता एखादं पायलटही होतं. असाच एक पोरगा वडिलांना घेऊन ओसरीवर आला. वडील गलाईवाले, दुकान तामिळनाडूत. पोराच्या हातात दोन कंपन्यांची पत्रं.

"आबा, ही दुसरी कंपनी जादा पगार देतीय. मग इचार कसला करायचा?" वडिलांनी विचारलं. त्यांचं चुकत नव्हतं. प्रशिक्षणावर घातलेला पैसा जमीन विकून आणि उधारी करून उभा केला होता.

मी पोराला विचारलं, "तुझ्या वर जे कॅप्टन आहेत, त्यांची वयं काय?" तो गप्प. आपल्याकडे विमान कंपनीचा वैमानिक ६५ व्या वर्षापर्यंत उडू शकतो. वर साठीतले कॅप्टन असतील तर डाव्या सीटा मोकळ्या होत जाणार. झपाट्याने वाढलेल्या कंपनीत पस्तिशीतलेच कॅप्टन बसलेले असतात. तिथली वाढ थांबली की खालच्याने तीस वर्षं वाट बघायची. दुसरा प्रश्न विमानांचा. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानं मागवली, इंडिगोने ५००. पण मागवलेलं विमान आणि धावपट्टीवर उतरलेलं विमान यांत फार अंतर असतं. आकासा एअरला बोइंगची विमानं वेळेत मिळाली नाहीत, तेव्हा प्रशिक्षण झालेले कितीतरी वैमानिक घरी बसून होते. पगार थोडाफार मिळतो, लॉगबुक मात्र कोरं राहतं. एटीपीएल परवान्याला १५०० तास लागतात, आणि त्याच्याशिवाय कॅप्टन होता येत नाही.

तिसरी गोष्ट सांगताना माझा आवाज चढला, कारण ते दुःख मी जवळून पाहिलंय. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं, आणि पाव शतकाची ज्येष्ठता तिथेच संपली. पन्नाशीतली माणसं कमी पगारावर दुसरीकडे रुजू झाली आणि यादीच्या तळाला लागली. म्हणून कंपनीचा ताळेबंद वाचायला शिका, हे मी प्रत्येक पोराला सांगतो. यादीतला पहिला नंबर बुडालेल्या कंपनीत काय कामाचा?

सोडून जाणंही सोपं नाही. २०१७ पासून कॅप्टनला वर्षभराची नोटीस द्यावी लागते, को-पायलटला सहा महिन्यांची. नोटीस न देता गेलेल्या वैमानिकांविरुद्ध आकासा २०२३ मध्ये थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली होती.

बापलेकांनी दोन दिवस विचार करून कमी पगाराचं पत्र निवडलं. मग नवीच अडचण. रुजू होण्याच्या तारखेलाच बहिणीची हळद. "पुढच्या बॅचला जाऊ का?" पोराने फोनवर विचारलं. महिनाच उशीर होणार होता. मी म्हटलं, आत्ताची अख्खी बॅच कायमची तुझ्या वर बसेल. कॅप्टन व्हायच्या वेळी तोच महिना वर्षभराचा होऊ शकतो. फोन वडिलांनी घेतला. "हळदीला चुलतभाऊ हायत की. ह्याला मी आज रातच्या गाडीत बसवतो."