साखर किती वेगाने फुटते?

१८५० साली जर्मनीत लुडविग विल्हेल्मी यांनी साखरेच्या द्रावणात आम्ल मिसळलं. साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागली, तसं द्रावणातून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचं प्रतलही हळूहळू वळू लागलं. त्या वळण्यावरून विल्हेल्मींना दिसलं, की साखर फुटण्याचा वेग शिल्लक साखरेच्या प्रमाणात असतो. रेणू दुप्पट, तर दर सेकंदाला होणाऱ्या टकरीही दुप्पट. म्हणूनच निम्मी साखर संपायला जेवढा वेळ, तेवढाच उरलेल्यातली निम्मी संपायला! मला हे फार सुंदर वाटतं. मात्र सगळ्याच अभिक्रिया असं वागत नाहीत. यकृतातली विकरं मद्याने भरून गेली, की मद्य कितीही वाढलं तरी ते जवळजवळ ठरावीक गतीनेच निकाली निघतं.