उन्हानंतरचा दाह

जर्मनीतल्या येना इथे १८०१ साली योहान विल्हेल्म रिटर यांनी वर्णपटात जांभळ्या रंगाच्याही पलीकडे सिल्व्हर क्लोराइड धरलं आणि ते झपाट्याने काळं पडलं. तिथे डोळ्यांना दिसत काहीच नव्हतं. हे अतिनील किरण त्वचेचं काय करतात, याचा शोध तेव्हापासून सुरू आहे.

हँबर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उना यांनी १८९४ मध्ये खलाशांच्या रापलेल्या कातडीवर कर्करोग नोंदवला. १९२८ मध्ये जॉर्ज फिंडले यांनी उंदरांवर किरण सोडून तो घडवूनच दाखवला. १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांना आढळलं, की झेरोडर्मा पिग्मेंटोझम हा आजार झालेल्यांच्या पेशींना किरणांनी बिघडलेला डीएनए नीट दुरुस्त करता येत नाही. १९९१ मध्ये डग्लस ब्रॅश यांच्या गटाला त्वचेच्या गाठींमधल्या पी-५३ जनुकात किरणांच्या ठरावीक खुणाच सापडल्या. किरण लागला, डीएनए बिघडला, गाठ झाली: हिशेब सरळ वाटत होता.

दाहाची गोष्ट मात्र वेगळ्याच वाटेने चालली होती. रुडॉल्फ व्हिर्को यांनी १८६३ मध्येच दाह आणि गाठी यांचा संबंध सुचवला होता. १९८६ मध्ये हॅरल्ड ड्वोराक यांनी गाठींना कधीच न भरणाऱ्या जखमा म्हटलं. या दोन वाटा मिळाल्या त्या मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाच्या अभ्यासात.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की जनुकबदल केलेल्या उंदराच्या पिल्लाला जन्मानंतर लगेच एकदाच किरणांनी भाजलं, तरी पुढे त्याला मेलॅनोमा होऊ शकतो. दशकभराने ग्लेन मर्लिनो यांच्या गटाने त्यामागचा एक दुवा शोधला. भाजलेल्या त्वचेत मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी शिरतात, इंटरफेरॉन-गॅमा हा संदेशवाहक रेणू सोडतात आणि त्याने रंगपेशी चेततात. २०१४ मध्ये बॉनच्या गटाने आणखी एक पायरी दाखवली. त्वचेच्या वरच्या थरातल्या भाजलेल्या केरॅटिनोसाइट पेशी एचएमजीबी-१ हे प्रथिन सोडतात, त्यामागोमाग न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात आणि उंदरांतल्या मेलॅनोमाच्या पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेने पसरू लागतात. म्हणजे रंगपेशीचं भवितव्य तिच्या डीएनएइतकंच तिच्या शेजाऱ्यांवरही ठरतं. त्यातच २०१५ मध्ये ब्रॅश यांच्या गटाने सांगितलं, की किरण थांबल्यावरही मेलॅनिन या रंगद्रव्याच्या रासायनिक खटाटोपामुळे रंगपेशीतला डीएनए तीन तासांहून अधिक काळ बिघडत राहतो. ऊन संपलं म्हणजे उन्हाचं काम संपलं, हा समज तिथे मोडला.

मग दाहच बंद करावा का? इतकं सोपं नाही. मर्लिनो यांचा निबंध आला त्याच २०११ मध्ये अमेरिकेत मेलॅनोमासाठी इपिलिमुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली. ते रोगप्रतिकारक पेशींचा लगाम सैल करतं आणि त्या पेशींच्या हाती इंटरफेरॉन-गॅमा हेही एक शस्त्र असतं. भाजण्याच्या वेळी रंगपेशीला चेतवणारा रेणू उपचारात गाठीवर उलटू शकतो.

आपल्याकडे मेलॅनोमा कमी आढळतो, पण दाहाने चेतलेल्या रंगपेशींचा अनुभव घरोघरी आहे. मुरूम किंवा पुरळ बरं झाल्यावर काळा डाग उरतो आणि उन्हात तो आणखी गडद होतो. हा डाग म्हणजे कर्करोगाची सुरुवात नव्हे. मात्र त्वचा लाल आणि हुळहुळी असेपर्यंत टोपी, छत्री, सनस्क्रीन यांची गरज एरवीपेक्षा जास्त असते, ती रंगपेशी चेतलेल्या असतात म्हणूनच.