फिरत्या घरांतील गारवा

बिऱ्हाड बरोबर घेऊन मुलुखभर हिंडण्याची हौस कांहीं नवी नाहीं. इंग्लंडांत विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी डॉक्टरानें १८८५ सालीं 'वॉन्डरर' नांवाची घोड्यांनीं ओढावयाची एक टुमदार घरगाडी बांधवून घेतली व तींत राहून थेट स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. नुसत्या मौजेकरितां असें हिंडणें तेव्हांपासून तेथें प्रतिष्ठितांनाही शोभूं लागलें. पुढें घोडे गेले व मोटारी आल्या. मोटारीच्या मागें जोडून न्यावयाच्या या घराला आतां 'टूरिंग कॅरव्हान' म्हणतात. पांच-साडेपांच मीटर लांब, दोन-सव्वादोन मीटर रुंद आणि उभ्या माणसाचें डोकें छताला न लागेल इतकें उंच. एवढ्या पेटींत निजण्याच्या जागा, चूल, कपाटें, न्हाणी व फ्रीज हें सारें मांडलेलें असतें.

हें घर बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें थंडी व पाऊस असे. बाहेरून पातळ पत्रा, आंतून प्लायवूड व दोहोंमध्यें फेसासारख्या हलक्या प्लॅस्टिकचा बोटभर जाडीचा थर, एवढीच त्याची भिंत. परंतु १९ जुलै २०२२ रोजीं लिंकनशायरमधील कॉनिंग्ज्बी येथें ४०.३ अंश सेल्सिअस तपमान नोंदलें गेलें. ब्रिटनमध्यें चाळिशीची पायरी त्यापूर्वीं कधीं ओलांडली गेली नव्हती. नागपुरास मे महिन्यांत या आंकड्याचें कोणाला नवल वाटणार नाहीं. पण उन्हांत उभ्या असलेल्या पत्र्याच्या पेटींत लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल, तर तो जिवावर बेतणारा आंकडा आहे. साहजिकच घरांतील चाकांचें वातानुकूल यंत्र उचलून कॅरव्हानमध्यें नेण्याकडे पुष्कळांचा कल होऊं लागला. यंत्र नेणें सोपें. तें बसविणें मात्र निराळें काम आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावयास पाहिजे कीं, हें यंत्र गारवा निर्माण करीत नाहीं. तें आंतली उष्णता उचलून बाहेर टाकतें. माठ, वाळ्याचा पडदा किंवा विदर्भांतील कूलर यांची जात वेगळी. तेथें पाणी वाफ होऊन उडून जातांना हवेंतील उष्णता घेतें. त्याला कोरडी हवा व उघड्या खिडक्या लागतात. बंद कॅरव्हानमध्यें, चार माणसांच्या श्वासानें आधींच दमट झालेल्या हवेंत, असा कूलर लावला तर थोड्याच वेळांत श्रावणांतल्या कोंदट खोलीची कळा येते. दुकानदार दोन्ही वस्तू एकाच नांवानें विकतात, म्हणून घेणाऱ्यानें एवढेंच पाहावें: यंत्राच्या पाठीला मनगटाहून जाड अशी नळी आहे कीं नाहीं? ती नसेल, तर तो कूलर समजावा.

त्या नळींतच सारें मर्म आहे. ९,००० बी.टी.यू.चें यंत्र, म्हणजे आपल्या बोलण्यांतलें पाऊण टनाचें, सुमारें २.६ किलोवॉट या मानानें उष्णता उचलतें. (हा टन वजनाचा नव्हे, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळावयास जितकी उष्णता लागते, त्यावरून हें माप पडलें.) त्यासाठीं तें सुमारें एक किलोवॉट वीज खातें, आणि त्या विजेचीही अखेर उष्णताच होते. नळींतून बाहेर पडतो तो या दोहोंचा मेळ, साडेतीन किलोवॉटांहून अधिक. नळीचें तोंड आंतच राहिलें, तर नाकासमोर गार झुळूक लागेल खरी, पण खोली मात्र एक किलोवॉटची शेगडी पेटविल्याप्रमाणें तापत जाईल.

कॅरव्हानची खिडकी वरच्या कडेला बिजागरी असलेली व बाहेर उघडणारी असते. घरच्या सरकत्या खिडकीसाठीं यंत्राबरोबर मिळणारी पट्टी तिला बसत नाहीं. त्यामुळें खिडकीच्या मापाची प्लायवूडची फळी कापून, तींत नळीचें गोल भोंक पाडून, कडेनें स्पंज चिकटवून ती आंतून बसविणें हाच चांगला मार्ग. खिडकीची झडप पुरती उघडी ठेवावी. नाहीं तर गरम हवा झडपेखालीं कोंडते. नळी आंखूड व सरळ ठेवावी. फ्रीजची उष्णता जाण्यासाठीं बाहेरच्या अंगास जाळ्या असतात, त्यांच्याजवळ नळीचें तोंड नेऊं नये. नेल्यास माणसें गार होतील व दूध नासेल!

आतां मुख्य गोष्ट. एका नळीचें यंत्र बाहेर टाकतें ती हवा खोलींतूनच ओढून घेतलेली असते. तें ताशीं तीनशें घनमीटर हवा बाहेर टाकतें असें धरलें, व कॅरव्हानमधील पोकळी बावीस-तेवीस घनमीटर धरली, तर दर चार-पांच मिनिटांत आंतली सगळी हवा बदलते. तिच्या जागीं येणारी हवा बाहेरची, तापलेली असते. ती येते मुख्यतः तळाच्या भोंकांतून. म्हणूनच जे लोक तळाला भोंक पाडून नळी खालीं सोडतात, त्यांच्या गाडीखालची गरम हवा पुनः वर येते. दोन नळ्यांचें यंत्र स्वतःपुरती हवा बाहेरूनच घेतें. तें महाग असलें तरी येथें अधिक उपयोगी.

तळाचीं हीं भोंकें पाहून 'येथूनच ऊन वारा येतो' असें म्हणत कोणी त्यांत चिंध्या कोंबतो. असें कदापि करूं नये. चुलीचा गॅस हवेहून जड असतो. गळल्यास तो खालीं बसतो व याच भोंकांतून निघून जातो. चुलीला ताजी हवाही येथूनच मिळते. तीं बुजविलीं कीं यंत्र जेथून मिळेल तेथून हवा ओढणार, आणि दाराशीं जोडलेल्या तंबूच्या पडवींत विझल्यासारखी दिसणारी निखाऱ्यांची शेगडी असली, तर तिचा कार्बन मोनॉक्साइड वायु आंत येणार. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. माणूस झोपेंतच जातो. असली शेगडी तंबूंत घेतल्यामुळें ब्रिटनमध्यें माणसें दगावलेलीं आहेत. या वायूची सूचना देणारी घंटा गाडींत असावीच.

हल्लींच्या कित्येक यंत्रांत प्रोपेन हाच शीतद्रव म्हणून भरलेला असतो, व तो ज्वालाग्राही आहे. यंत्राच्या पाटीवर खोली निदान किती चौरसमीटरची हवी तें छापलेलें असतें. कॅरव्हानची सारी जमीन अकरा-बारा चौरसमीटर भरते. पाटीवरचा आंकडा त्याहून मोठा असेल, तर तें यंत्र त्या गाडीचें नव्हे.

विजेचा हिशेब सोपा आहे. फ्रान्समधील कांहीं तळांवर सहाच ॲम्पिअर मिळतात, म्हणजे २३० व्होल्टला १,३८० वॉट. यंत्र चालू असतां विजेची किटली लावली कीं तळावरील कळ पडलीच. विजेची तार रिळावर गुंडाळलेली ठेवूं नये, ती तापते. गाडींतील १०० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीवर हें यंत्र तासभरही धड चालत नाहीं.

शिवाय यंत्राचा आवाज मोठा असतो, आणि शेजारची गाडी कांहीं हातांवरच उभी असते. तेव्हां दुपारींच तें लावून पेटी थंड करून घ्यावी, खिडक्यांना बाहेरून चकचकीत पडदे लावावे, व रात्रीं यंत्र बंद करून, फळी काढून छताचीं झरोकें उघडावीं.

निघण्यापूर्वीं यंत्रांत सांचलेलें पाणी काढून टाकावें. पंचवीस-तीस किलोंचा हा जिन्नस गाडीच्या परवानगीच्या वजनांत धरावा, व आंसाच्या वर जमिनीलगत उभाच बांधावा. आडवा पडला, तर दाबयंत्रांतलें तेल नळ्यांत शिरतें. मग उभें करून कांहीं तास तसेंच राहूं द्यावें लागतें. तोंवर झाडाच्या सावलींत खुर्च्या टाकून बसण्यावांचून गत्यंतर नसतें.