पॉइंट आठ

एकाच लग्नाचे दोन अल्बम माझ्यासमोर होते, एक मुलीकडच्यांनी करून घेतलेला आणि एक मुलाकडच्यांनी. फोटोग्राफर वेगवेगळे, पण अक्षता पडतानाचा क्षण दोघांनीही जवळजवळ एकाच जागेवरून टिपला होता. पहिल्या फोटोत नवरीच्या मुंडावळ्यांचा एकेक मोती कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसत होता, भोवती बारीक पांढरी रेघ. मागे उभ्या असलेल्या तिच्या आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या अशा उठल्या होत्या की बाई दहा वर्षांनी मोठ्या वाटाव्यात. दुसऱ्या फोटोत मोती मोजता येत होते, पैठणीच्या काठातली जर कळत होती आणि आईचा चेहरा तिचाच होता, दमलेला, डोळे भरलेले. हा दुसरा अल्बम सांगलीत, गणपती पेठेजवळच्या एका बोळात तयार झाला असं समजलं आणि मी तिकडे जाऊ लागले.

जिन्याखालची खोली, दोन संगणक, भिंतीला राखाडी रंग. एडिटिंग करणाऱ्या गृहस्थांना सगळे काका म्हणतात. त्यांनी ऐन तारुण्यात डार्करूममध्ये काम शिकलं. ती डार्करूम अजून मागे आहे, पण आता तिथे अल्बमचे खोके रचलेत. तिचं दार उघडलं की हायपोचा आंबूस, नाकाला झोंबणारा वास येतो. रसायनं जाऊन किती वर्षं लोटली, पण लाकडी फळ्यांत तो मुरून राहिला आहे. काका खोका काढायला आत गेले की क्षणभर तिथे थांबतात, हे मी पाहिलं आहे.

कार्डं उतरवून घ्यायची, फोटो निवडायचे, उजेड आणि रंग सारखे करायचे, बारा-छत्तीसच्या पानांवर मांडणी करायची, हे सगळं ठरल्याप्रमाणे चालतं. फोटो शार्प करणं अगदी शेवटी येतं आणि काकांचा खरा जीव तिथे आहे.

त्यांनी मला आधी नवरीच्या कपाळावरचं कुंकू दाखवलं, चारशे टक्के मोठं करून. एवढं मोठं केल्यावर चौकोनी ठिपकेच दिसतात. कुंकवाची कड म्हणजे गडद लाल ठिपके, मग मधल्या छटेचे दोन-तीन, मग कपाळाचे उजळ. फोटोशॉपमध्ये ‘अनशार्प मास्क’ दिला की कडेच्या आतले गडद ठिपके आणखी गडद होतात, बाहेरचे उजळ आणखी उजळतात. एवढंच घडतं. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते यातून येत नाही, तपशील कणभरही वाढत नाही. कड ठळक झाली की डोळ्याला सगळा फोटोच धारदार झाल्यासारखं वाटतं, कारण आपली दृष्टीही कडांवर असाच जोर देते. दोन राखाडी पट्टे शेजारी ठेवले तर जोडावर एक बाजू जास्त काळी आणि दुसरी जास्त पांढरी दिसते, हे भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माखने 1865 मध्येच मांडलं होतं.

‘अनशार्प मास्क’मध्ये तीन सरकपट्ट्या असतात. अमाउंट म्हणजे फरक किती वाढवायचा, रेडियस म्हणजे कडेपासून किती ठिपक्यांपर्यंत, आणि थ्रेशोल्ड म्हणजे शेजारच्या ठिपक्यांत किती फरक असला तर त्याला कड मानायचं. नवखी मुलं अमाउंटशी खेळत बसतात. काका आधी रेडियस लावतात.

“पॉइंट आठ,” ते म्हणाले. “जरीला पॉइंट आठ, मोत्याला पॉइंट आठ, केसांनाही तेच. दोनवर गेलात की रेघ दिसायलाच लागते बघा.”

त्या पहिल्या अल्बममधली पांढरी रेघ ती हीच. तिथे कुणीतरी रेडियस भरपूर वाढवून पानच्या पान एका दमात शार्प केलं होतं. पॉइंट आठलाही कडेला उजळ पट्टा असतोच, पण तो ठिपक्याएवढाच अरुंद असल्याने छापल्यावर डोळ्याला वेगळा पडत नाही.

मला पुन्हा पुन्हा तिथे नेणारी गोष्ट म्हणजे काकांची ‘प्रिव्ह्यू’ची टिचकी. फोटो शंभर टक्क्यांवर आणतात, म्हणजे फोटोतला एक ठिपका पडद्यावरच्या एका ठिपक्यावर. मग प्रिव्ह्यू बंद, चालू, बंद. मग नजर काढून समोरच्या राखाडी भिंतीकडे पाहतात, थोडा वेळ. परत पडद्याकडे वळल्यावर पहिल्या नजरेत जे खटकेल ते खरं, असा त्यांचा नियम. डोळा फार लवकर सरावतो, पाच मिनिटं पाहत बसलं की अतिरेकही बरा वाटायला लागतो, असं ते सांगतात. मी घरी माझ्या फोटोंवर हे करून पाहिलं आणि माझी खात्री पटली.

मुळात डिजिटल फोटो शार्प करावाच का लागतो, असं मी विचारलं. त्याचं उत्तर सेन्सरमध्ये आहे. कोडॅकच्या ब्राइस बायरने 1976 मध्ये पेटंट घेतलेली जाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत असते. सेन्सरचा प्रत्येक ठिपका एकच रंग टिपतो, निम्मे हिरवा, पाव लाल, पाव निळा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडून अंदाजाने भरले जातात आणि या भरण्यात कडा मऊ पडतात. त्यातून अनेक कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे एक काच असते, ती बारीक विणीच्या कापडावर भलत्या रंगांच्या लाटा उमटू नयेत म्हणून प्रतिमा मुद्दाम किंचित पसरवते. त्यामुळे रॉ फाइल थोडी मवाळच असते. ब्रूस फ्रेझर या फोटोशॉपच्या जाणकाराने म्हणून हे काम तीन टप्प्यांत करायला सांगितलं होतं. सुरुवातीला कॅमेऱ्याने घालवलेलं हलक्या हाताने भरून काढायचं, मग चित्रात जिथे नजर जावी असं वाटतं तिथे, आणि शेवटी कागदाप्रमाणे. मॅट कागदावर आणि कॅनव्हासवर शाई पसरते, तिथे पडद्यावर किंचित जास्त वाटेल इतकं द्यावं लागतं.

काकांची कमाल मधल्या टप्प्यात दिसते. फोटोचा लेयर दुप्पट करून त्यावर ‘हाय पास’ चालवला की सगळं चित्र राखाडी होतं, फक्त कडा पुसट दिसत राहतात. मग तो लेयर ‘ओव्हरले’ केला की राखाडी नाहीसा होतो आणि कडा तेवढ्या उठतात. त्यावर काका काळा मास्क टाकतात, म्हणजे केलेलं सगळं झाकलं जातं. मग पांढरा ब्रश घेऊन हवं तिथेच उघडायचं. आईच्या फोटोत त्यांनी पापण्या, भुवया, बुबुळातला उजेडाचा ठिपका, मंगळसूत्राच्या वाट्या आणि पदराचा काठ एवढं उघडलं. गालाला ब्रश लावला नाही, कपाळाला नाही, मागच्या मंडपाला तर नाहीच. डोळे स्पष्ट असले की माणूस आख्खा चेहरा स्पष्ट मानतो.

अनशार्प मास्क हाताने कसा करायचे तेही त्यांनी मला डार्करूमच्या दारात उभं राहून सांगितलं. निगेटिव्ह आणि कोरी फिल्म यांच्यामध्ये काच ठेवून फिल्मवर फिकट, धूसर पॉझिटिव्ह उतरवायची. ती धुऊन वाळली की निगेटिव्हवर तंतोतंत जुळवून दोन्ही मिळून प्रिंट काढायची. धूसर पॉझिटिव्ह मोठ्या भागांतला काळा-पांढरा फरक खाऊन टाकते, पण बारीक कडा तिच्यात नसतातच, म्हणून त्या तशाच राहतात. मग कडक कागदावर छापलं की त्या उठून येतात. अँग्लो-ऑस्ट्रेलियन ऑब्झर्व्हेटरीत डेव्हिड मॅलिन यांनी 1970च्या दशकात याच रीतीने आकाशगंगांच्या फोटोंतले झाकलेले तपशील बाहेर काढले. केसाएवढं हललं तरी सगळं वाया, असं सांगताना काकांची बोटं हवेत दोन फिल्मा जुळवत होती. 1990 मध्ये आलेल्या फोटोशॉपने हे काम सरकपट्ट्यांवर आणलं आणि त्याबरोबर ते कुठे करू नये हे शिकायला लागणारा वेळही उडवून टाकला, असं मला इथे बसून वाटायला लागलं.

शेजारच्या संगणकावर बसणारा मुलगा हुशार आहे, हात चपळ आहे. त्याने एक ‘अॅक्शन’ बनवून ठेवली आहे, एक बटण दाबलं की आख्खा फोल्डर शार्प होतो. काका रागावत नाहीत, पण त्याच्या प्रत्येक पानावर नजर टाकतात. अंधाऱ्या मंडपात जास्त आयएसओवर काढलेल्या फोटोंत सावल्यांमधला दाणाही अॅक्शनला कडच वाटतो आणि काळ्या कोटावर वाळू सांडते. अल्बमचे पैसे पानांवर मिळतात, या देखरेखीचे नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं.

एका दुपारी एक तरुण वडिलांचा फोटो घेऊन आला. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, बारा-अठराची फ्रेम हवी होती. फोटो म्हणजे जत्रेतल्या ग्रुप फोटोतला चेहरा, व्हॉट्सअॅपवरून आलेला. शेजारच्या मुलाने तो एआयच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. अर्ध्या मिनिटात लखलखीत चेहरा तयार झाला, पापणीन् पापणी वेगळी. तरुण वाकून पाहत राहिला आणि म्हणाला, “बाबांच्या भुवईला इथे खोक होती. ती कुठे गेली?”

सॉफ्टवेअरने ती केसांनी भरून टाकली होती. हबल दुर्बिणीचा आरसा सदोष निघाला तेव्हा शास्त्रज्ञांनी धूसर फोटो गणिताने सुधारले होते, पण धूसरपणा कसा आला हे त्यांना मोजून माहीत होतं. इथे भुवई कशी असते याचा निव्वळ अंदाज होता.

काकांनी ती फाइल बंद केली. “हे बघ, ज्याने फोटो काढला त्याच्याकडनं मूळ फाइल माग. डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणावं.” व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं, त्यात आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पडतात आणि शार्प केलं की तेच आधी वर येतात.

मूळ फाइल दोन दिवसांनी आली. चेहऱ्याची रुंदी जेमतेम तीनशे ठिपके, पण भुवईवरची खोक दिसत होती. काकांनी दोन प्रिंट काढल्या, एक बारा-अठरा, एक पाच बाय सात. मोठीत चेहरा विरघळला होता. लहानीत तोच चेहरा दीड इंचात आला होता आणि नीट उभा राहिला होता.

“याला पॉइंट आठच का?” मी विचारलं.

“याला काहीच नाही. फोनने आधीच भरपूर करून पाठवलंय. वर आणखी केलं तर रेघ येईल.”

फ्रेम बारा-अठराचीच ठेवू, मधे रुंद क्रीम माउंट घालू आणि आत हा लहान फोटो, असं त्यांनी सुचवलं. तरुणाला आधी ते पटेना, फोटो मोठा हवा असं आईने बजावून सांगितलं होतं. काकांनी दोन्ही प्रिंट भिंतीला टेकवल्या आणि त्याला दारापर्यंत मागे जायला लावलं. मग त्याने आईला व्हिडिओ कॉल करून दोन्ही दाखवल्या. पाच बाय सात ठरली, आणि तिच्याच आणखी दोन प्रती, एक आत्याला आणि एक गावाकडच्या घराला.