संगणकातील व्हायरस आणि आपली खातेवही

भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावात एके काळी दुकानाचा हिशेब म्हणजे गल्ल्याशेजारी ठेवलेल्या लाल बांधणीच्या चोपड्या. त्यांना भीती दोनच गोष्टींची, वाळवीची आणि पावसाळ्यातल्या ओलीची. आज खत-बियाण्यांचे दुकान असो, फॅब्रिकेशनचे वर्कशॉप असो की लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापणारा कारागीर असो, बिल संगणकावर निघते, उधारी संगणकात राहते आणि जीएसटीचे विवरणपत्रही त्याच आकड्यांवरून भरले जाते. चोपडी गेली, तशी वाळवीही गेली. तिच्या जागी व्हायरस आला. त्याच्याविषयी बाजारात ऐकीव गोष्टीच फार आहेत. म्हणून व्हायरस म्हणजे काय, तो येतो कसा आणि त्यापासून आपला हिशेब वाचवायचा कसा, हे येथे सोप्या शब्दांत मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

व्हायरस म्हणजे नेमके काय?

पहिली गोष्ट ही की, व्हायरस धुळीने, दमट हवेने किंवा संगणक जुना झाल्याने तयार होत नाही. टॅली जसा एक प्रोग्राम आहे, तसाच व्हायरस हाही कोणीतरी बसून लिहिलेला प्रोग्राम असतो. फरक हेतूचा आहे. तो मालकाला न विचारता काम करतो आणि स्वतःच्या नकला काढून दुसऱ्या फाइलींत, दुसऱ्या संगणकांत शिरतो.

बोलताना आपण सगळ्यांनाच व्हायरस म्हणतो, पण त्यांत प्रकार आहेत. खरा व्हायरस दुसऱ्या फाइलीला चिकटून येतो आणि ती फाइल कोणी उघडली की जागा होतो. ‘वर्म’ला कोणी फाइल उघडण्याचीही गरज नसते, नेटवर्कच्या तारेवरून तो एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप सरकतो. ‘ट्रोजन’ उपयोगी वस्तूचे सोंग घेऊन येतो. आणि आज व्यापाऱ्याला सर्वांत महाग पडणारा प्रकार म्हणजे खंडणीखोर ‘रॅन्समवेअर’. तो आपल्या फाइली पळवून नेईलच असे नाही. तो त्या जागेवरच कुलूपबंद करतो. त्यातील अक्षरे आणि आकडे अशा रीतीने बदलून टाकतो की, किल्लीशिवाय ते पुन्हा वाचता येत नाहीत. किल्ली गुन्हेगाराजवळ असते आणि पडद्यावर पैशांची मागणी येते.

लाहोरचे दुकान, पुण्याचे दुकान

गंमत अशी की, या इतिहासाच्या सुरुवातीलाही एक दुकानच आहे. १९८६ साली लाहोरमध्ये संगणकाचा व्यवसाय करणाऱ्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरून नकला निघतात, त्यांना आळा बसावा, असा त्यांचा हेतू होता. त्यात त्यांनी दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! पण फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात तो देशोदेशी पसरला. आयबीएमच्या धाटणीच्या संगणकांवरचा पहिला व्हायरस म्हणून त्याची नोंद आहे.

उपायाची एक वाटही आपल्या पुण्यातल्याच एका दुकानातून निघाली. दहावीनंतर शाळा सोडून दुरुस्तीचे काम शिकलेले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत असत. पुढे ते संगणकही दुरुस्त करू लागले. दुकानात येणारे कित्येक संगणक व्हायरसनेच बिघडलेले असत. धाकटे बंधू संजय काटकर संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस बाजारात आला. हाताने काम करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

अँटिव्हायरस ओळखीच्या व्हायरसची खूण धरून त्याला अडवतो आणि एखाद्या प्रोग्रामची चाल संशयास्पद दिसली तरी हटकतो. तो हवाच. पण अगदी नवा चोर त्याच्या नजरेतून सुटू शकतो. याचा मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रातच घडला आहे.

न्हावाशेवा बंदरात काय झाले?

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये झाली. तेथील व्यापारी करहिशेबासाठी जे सॉफ्टवेअर सर्रास वापरीत, त्याच्याच अपडेटमध्ये गुन्हेगारांनी हे विष कालवले होते. डेन्मार्कच्या ‘मर्स्क’ या प्रचंड जहाज कंपनीचे युक्रेनमध्ये कार्यालय होते. त्या वाटेने ते कंपनीच्या जगभरच्या संगणकांत पोहोचले. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल मर्स्कच्या गटाकडे होते. तेथील संगणक बंद पडले आणि कंटेनरची कामे हाताने करण्याची वेळ आली. पुणे परिसरातल्या कारखान्यांचा बराचसा निर्यातीचा माल ज्या बंदरातून जातो, तेथे हे घडले. पडद्यावर खंडणीची मागणी होती, पण तो देखावाच होता. पैसे भरले तरी फाइली परत मिळण्याची सोयच त्या प्रोग्राममध्ये नव्हती.

आता यातली बोधाची गोष्ट पाहा. कंपनीचे सर्व संगणक, ते वापरणारी माणसे आणि त्यांच्या परवानग्या यांची मुख्य नोंद मर्स्कने सुमारे १५० ठिकाणी ठेवली होती. एक जागा बुडाली तर दुसरी कामाला येईल, असा विचार. पण ही सगळी ठिकाणे एकमेकांना सतत जोडलेली होती. व्हायरस आला आणि सर्व प्रती एकदमच पुसल्या गेल्या. वाचली फक्त एक, आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयातली. कारण ऐन वेळी तेथे वीज गेली होती आणि तो संगणक नेटवर्कपासून तुटला होता! ती प्रत माणसाने हातोहात इंग्लंडला नेली, तेव्हा कुठे कंपनी उभी राहू लागली. तरीही सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने तयार करावे लागले आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

विजेच्या लपंडावाला आपण रोज बोल लावतो. येथे त्यानेच एवढी कंपनी वाचवली. आपल्या दुकानासाठी याचा अर्थ सरळ आहे: जी प्रत संगणकाला कायम जोडलेली आहे, ती प्रत धरू नये.

दुसरी प्रत कशी ठेवावी?

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. व्हायरसने खाल्ली म्हणून ती जबाबदारी आपोआप संपत नाही. शिवाय उधारीचे काय? गिऱ्हाइकाने दिलेले अन् राहिलेले पैसे ज्या नोंदीत आहेत, ती नोंद म्हणजे दोघांचीही अमानत आहे. ती गेली की तंटे उभे राहतात आणि वर्षांची ओळख तुटते.

म्हणून दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्याव्यात. हिशेब लहान असेल तर दोन चांगले पेन ड्राइव्हही चालतील. एका आठवड्यात पहिल्यावर बॅकअप घ्यावा, पुढच्या आठवड्यात दुसऱ्यावर. बॅकअप होताच डिस्क काढून ठेवावी. एक दुकानात राहू द्यावी, दुसरी घरी. म्हणजे चोरी वा आग यांतही एक वाचेल. जेथे रोजची बिले जास्त, तेथे बॅकअपही रोज घ्यावा. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. न उघडणारा बॅकअप संकटाच्या दिवशीच कळला, तर काय उपयोग?

येण्याच्या वाटा आणि त्यांवरील कड्या

गावातल्या झेरॉक्स, फोटो आणि फ्लेक्सच्या दुकानांना सर्वाधिक धोका पेन ड्राइव्हचा. दिवसाला दहा गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागतात. गिऱ्हाइकाचे काम आणि दुकानाचा हिशेब यांना संगणक वेगळे ठेवता आले तर उत्तम. नाही तर प्रत्येक ड्राइव्ह आधी तपासूनच उघडावा. कधी ड्राइव्हमधील सगळे फोल्डर ‘शॉर्टकट’ झालेले दिसतात. अशा वेळी घाबरून फॉरमॅट मारू नये. बहुधा मूळ फाइली तेथेच असतात, व्हायरसने त्या फक्त लपवलेल्या असतात, आणि जाणकार त्या परत दाखवू शकतो. एखाद्याच्या लग्नाचे सगळे फोटो अशा घाईत जाऊ शकतात.

दुसरी वाट फुकटच्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरची. त्याचे कुलूप ज्याने तोडले, त्याने आत काय ठेवले हे आपणास ठाऊक नसते. आणि ते चालावे म्हणून अँटिव्हायरस बंद करा, असे सांगितले जाते! माल चोरीचा, आणि पहारेकऱ्यालाही आपणच सुट्टी द्यायची.

तिसरी वाट मोबाइलची. लग्नाचे आमंत्रण, वाहनाचे चलान किंवा बँकेची सूचना म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी ‘एपीके’ फाइल उघडू नये. लग्नपत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे मोबाइलमध्ये बसणारा प्रोग्राम. तो बसला की ओटीपीचे संदेशही वाचू शकतो. हाच नियम ईमेलवर बिल म्हणून येणाऱ्या आणि नावाच्या शेवटी ‘ईएक्सई’ असलेल्या फाइलीला लावावा.

चौथी गोष्ट अपडेटची. युक्रेनच्या उदाहरणाने कोणी अपडेटच बंद करू नयेत. १२ मे २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ने ज्या भोकातून जगभर प्रवेश केला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, ते सापडले. विंडोज ७ ला अशा नियमित दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या, हे जुना संगणक वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

घात झालाच तर

इंटरनेटची तार ताबडतोब काढावी, वाय-फाय बंद करावे. घाईघाईने बॅकअपची डिस्क त्या संगणकाला लावू नये. नाही तर उरलेली प्रतही जाईल. पडद्यावरच्या संदेशाचा मोबाइलने फोटो घ्यावा. खंडणी भरू नये, कारण किल्ली मिळेलच याची हमी नसते. काही जुन्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्या जाणकाराकडून तपासून घ्याव्यात. भारत सरकारचे ‘सायबर स्वच्छता केंद्र’ही साफसफाईची साधने फुकट देते. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. येथे एकेक तास मोलाचा आहे. पोलिसांत तक्रार नोंदवावी. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या संगणकात लबाडीने व्हायरस सोडणे हा गुन्हा असून त्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. कर कार्यालयात कागदपत्रे गेल्याचे सांगताना त्या तक्रारीची प्रतही हाताशी असावी. मग संगणक पूर्ण साफ करून घ्यावा, आणि त्यानंतरच बॅकअप परत चढवावा.

या सर्वाला खर्च किती? दोन डिस्क आणि आठवड्यातून दहा-पंधरा मिनिटे. आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी आज दुकान बंद करण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे, हा संगणक उद्या सकाळी सुरू झाला नाही, तर हिशेबाची दुसरी प्रत कोठे आहे? उत्तर सुचले नाही, तर आज शटर दहा मिनिटे उशिरा ओढावे.