मागांच्या आवाजात पाळणा

इचलकरंजीत पहिल्यांदा मुक्कामाला आलेल्या पाहुण्याची रात्र बहुधा जागरणात जाते. शेजारच्या कारखान्यात माग चालू, धोट्याची ये-जा अखंड. आणि भिंतीअलीकडे चार-पाच महिन्यांचे बाळ मुठी वळून खुशाल झोपलेले! 1904 साली जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनाने विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग लावला. तेव्हापासून किती पिढ्या या तालावर झोपल्या असतील!

तसे यात नवल नाही. पोटातही बाळाला शांतता ठाऊक नसते. आईच्या रक्ताची सळसळ तिथे अहोरात्र चालू. 1990 साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी 20 नवजात बाळांना एकसुरी खरखर ऐकवली, तर 16 बाळे पाच मिनिटांत झोपली. न ऐकवलेल्या 20 पैकी पाचच. मात्र म्हणून पाळणा कारखान्याच्या भिंतीला लावू नका. शेडमधला आवाज 90 डेसिबलच्याही वर जातो. बाळापाशी तो 50 च्या आत असावा.

पण भगिनींनो, खरी अडचण आवाजाची नसतेच, झोक्याची असते. आई तासभर दोरी ओढते, बाळ झोपते, ती कांड्या भरायला बसते, आणि पाऊण तासात पुन्हा टाहो! रात्रपाळी करून आलेला नवरा तिकडे कूस बदलतो. असे का व्हावे? तान्ह्याची झोप सुमारे 50 मिनिटांच्या फेऱ्यांनी येते. प्रत्येक फेरीअखेर ती विरळ होते. डोळा लागला तेव्हा पाळणा हलत होता, आता तो स्थिर आहे. बाळ त्या झोक्यालाच हाक मारते.

उपाय म्हणजे झोका एकदम तोडायचा नाही, हळूहळू उसवायचा. पहिले तीन-चार महिने कसलाही नियम नको, खुशाल झुलवा. त्यानंतर रोज एकाच क्रमाने दूध, कोरडे दुपटे, मंद दिवा. पापण्या जड झाल्या, पण मिटल्या नाहीत, तोच पाळणा थांबवा आणि छातीवर हलका हात ठेवा. कुरकुरले तर थांबा. रडले तर खुशाल उचला, शांत करा, पुन्हा ठेवा. काही दिवसांनी झोके कमी, मग नुसता हात, मग नुसते जवळ बसणे. दोन-तीन आठवडे लागतील. रडून रडून थकू देण्याचे कारण नाही.

सासूबाई म्हणतील, "अगं, रडतंय की पोरगं, घे की जरा!" त्यांना सांगावे, "आत्ती, एवढे पन्नास आकडे मोजू दे, मग घेते."

जुन्या लुगड्याची झोळी सोयीची खरी, पण तीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. सपाट तळाचा पाळणा बरा. त्यात पातळ वाकळ ताणून घाला, बाळाला उताणे निजवा, आणि मोहरीची उशी आजीबाई रागावल्या तरी बाजूला ठेवा. पाश्चात्त्य देशांत बाळांना उताणे निजवू लागल्यापासून झोपेत अचानक दगावणाऱ्यांची संख्या बरीच घटली.

आणि एखाद्या रात्री वीज जाऊन सारे माग एकदम थांबले, तर त्या शांततेनेच बाळ दचकेल. तेव्हा दिवा शोधत बसू नका. अंधारातच त्याच्या छातीवर हात ठेवा.