बाण सुटण्याआधी

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला धनुष्यबाण म्हटले की रामायण-महाभारत आठवते आणि शिकार म्हटले की संस्थानिकांचे पिवळे पडलेले फोटो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीवर पडदा पडला आणि तो पडला हे योग्यच झाले. त्यामुळे मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो आणि तिथे दर शरद ऋतूत झाडावरच्या मचाणावरून बाणाने हरणाची शिकार करतो, असे पुण्यात सांगितले की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘‘मुकं जनावर ते. त्याला बाणानं मारायचं?’’

प्रश्न रास्त आहे. त्या राज्यात पांढऱ्या शेपटीची हरणे दहा लाखांहून अधिक आहेत. लांडगे १९६० च्या सुमारास तिथून नाहीसे झाले होते. आता ते परतले असले तरी मुख्यतः उत्तरेकडच्या जंगलात. शेतांची नासाडी, रात्रीच्या रस्त्यांवर मोटारींना होणाऱ्या धडका हे नित्याचेच. धनुष्यबाणाने हरणांच्या शिकारीचा हंगाम अमेरिकेत पहिल्यांदा याच राज्याने १९३४ मध्ये सुरू केला. पण हे सारे सांगूनही ‘बाणानं मारायचं?’ हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर बाण कुठे लागतो यावर अवलंबून आहे.

बंदुकीची गोळी आघाताने मारते. बाणाचे काम निराळे. त्याच्या टोकाला वस्तऱ्यासारखी धारदार पाती असतात आणि तो मारतो तो रक्तस्रावाने. दोन्ही फुप्फुसांतून बाण आरपार गेला तर हरीण बहुधा दहा-पंधरा सेकंदांत कोसळते. कित्येकदा आपल्याला काय झाले हे त्याला उमगलेलेही नसते. तोच बाण वीतभर मागे, पोटात लागला, तर तेच मरण कित्येक तास रेंगाळते. हृदय आणि फुप्फुसे मिळून जी जागा होते ती जेमतेम आठ-नऊ इंच व्यासाची, नाश्त्याच्या बशीएवढी. पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश उंचीवर. बाकीचे सगळे हरीण म्हणजे नेम धरण्याची जागा नव्हे.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला पक्ष्याचा डोळा तेवढा दिसत होता. शिकाऱ्याने असे केले तर अनर्थ होईल. त्याला मधली बोटभर डहाळी दिसली पाहिजे, मागे उभे असलेले दुसरे हरीण दिसले पाहिजे, आणि मुख्य म्हणजे हरीण कसे उभे आहे ते दिसले पाहिजे. ते पूर्ण आडवे असेल, किंवा तोंड थोडे पलीकडे वळवून तिरपे असेल, तरच बाण सोडावा. तिरप्या हरणाच्या बाबतीत नेम धरायचा तो पलीकडच्या पुढच्या पायाच्या रेषेत. म्हणजे अलीकडून बाण बराच मागे लागतो, पण वाट छातीतूनच जाते. हरीण आपल्याकडे तोंड करून असेल तर समोर हाडे येतात. पाठमोरे असेल तर विचारच करायचा नाही.

आता मचाणाची गंमत पाहा. वीस फूट उंचीवर बसले की हरणाला सहसा आपला वास लागत नाही, आपली हालचालही चटकन दिसत नाही. पण उंचीची किंमत कोनात मोजावी लागते. हरीण २० यार्डांवर, म्हणजे ६० फुटांवर असेल तर बाण साधारण १६ अंशांनी खाली उतरतो आणि दोन्ही फुप्फुसे गाठतो. तेच हरीण १५ फुटांवर आले की कोन जवळजवळ ५० अंशांचा होतो. बाण वरून शिरतो, एक फुप्फुस फाडतो आणि दुसऱ्याला न शिवता खाली निघून जातो. एका फुप्फुसावर हरीण फार लांबवर जाऊ शकते. म्हणून नेम धरताना बाण कुठे शिरेल यापेक्षा पलीकडून कुठे निघेल हे आधी पाहायचे. नवख्याला वाटते, जितके जवळ तितके सोपे. गेल्या ऑक्टोबरात एक नर माझ्या मचाणाच्या बुंध्याशी येऊन चांगली पाच मिनिटे ओकची फळे खात उभा होता. त्याची पाठ मला जवळजवळ वरूनच दिसत होती. धनुष्य मांडीवरच राहिले. मग तो चालू लागला, झाडीत शिरला, संपले.

वर बसून नुसता हात खाली करून बाण सोडला तर तो हमखास वर जातो. कमरेत वाकावे लागते. म्हणून सराव अंगणात उभे राहून करण्यात अर्थ नाही, तो उंचीवरूनच, अंगभर सुरक्षेचे पट्टे बांधून करायला हवा. ज्या अंतरावर आपले सगळे बाण त्या बशीएवढ्या वर्तुळात बसतात तेच आपले अंतर. माझे २० यार्ड आहे. शेजारचा ४० यार्डांच्या गोष्टी सांगतो, सांगू दे.

अंतराला आणखी एक कारण आहे. आधुनिक कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला २७० फुटांच्या आसपास जातो. आवाज सुमारे ११०० फूट. ६० फुटांवरच्या हरणाला प्रत्यंचेचा आवाज बाणाच्या आधी, सेकंदाच्या साधारण सहाव्या हिश्श्याने पोचतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसते आणि बाण पाठीवर लागतो. तेव्हा कान टवकारून, खूर आपटत वर पाहणारे हरीण कितीही सुरेख आडवे उभे असले तरी ते सोडून द्यायचे.

ऑल्डो लिओपोल्ड हे विस्कॉन्सिन विद्यापीठातले वन्यजीवांचे प्राध्यापक, स्वतः धनुष्ये घडवणारे. शिकाऱ्याला टाळ्या देणारे किंवा हुर्यो करणारे प्रेक्षक नसतात, त्याचा न्याय त्याची सदसद्विवेकबुद्धीच करते, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. मचाणावर संध्याकाळी उजेड ओसरताना हे फार पटते. झुडपात काही हलले की हात शिवशिवतो. दशरथाने आवाजावर बाण सोडला होता, त्याचे काय झाले ते आपण लहानपणीच ऐकलेले असते.

बाण सुटल्यावर लगेच खाली उतरायचे नसते. हरीण कुठल्या झाडापाशी दिसेनासे झाले ते लक्षात ठेवून निदान अर्धा तास बसायचे. मग बाण शोधायचा आणि वाचायचा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. काळपट लाल म्हणजे यकृत. कित्येक तास थांबा. हिरवट घाण आणि वास म्हणजे पोट, अशा वेळी दहा-बारा तास मागे जायचे नाही. जखमी हरीण त्रास न दिल्यास जवळच बसते; हुसकले तर मैलभर पळते आणि मग सापडत नाही. थांबलो की कोल्हे-कायोटी मांस खातील, रात्री उकाडा असेल तर ते नासेल, हे सगळे खरे. तरी थांबायचे. सकाळी एक जण शेवटच्या रक्ताच्या थेंबापाशी उभा राहतो, दुसरा वाकून पुढचा थेंब शोधतो, आणि पालापाचोळ्यावर कागदाचे कपटे टाकत दोघे पुढे सरकतात.